पासष्टीनंतर पंच कमिटीत राहावं का? मंडळीतल्या सेवेचं वय

सातरस्ता (धागा सुरू करणारा)

सर्वांना सलाम.

ईस्टरनंतरच्या रविवारी सोलापुरातल्या आमच्या मंडळीची (चर्चची) वार्षिक सभा आहे. तिथे मी एक ठराव मांडणार आहे. वयाची पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांनी पंच कमिटीला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडलेल्या कमिटीला) उभं राहू नये, आणि निम्म्या जागा पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी ठेवाव्यात. माझं वय ५८. म्हणजे सात वर्षांनी हा ठराव मलाही लागू होईल, हे समजूनच लिहितोय.

आज आमच्या अकरा पंचांपैकी आठ जण सत्तरीच्या आसपास आहेत. चांगली माणसं आहेत. त्यांतल्या दोघांनी मला शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात) शिकवलंय, एकांनी माझ्या वडिलांच्या दफनाचा सगळा खर्च न बोलता उचललाय. म्हणूनच हे लिहिताना जड जातंय. पण गेल्या नाताळाआधी घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही. मंडळीतला एक मुलगा (मुलगा कसला, ३४ वर्षांचा, दोन लेकरांचा बाप) सभेत उठून म्हणाला की महिन्यातून एका रविवारच्या उपासनेची जबाबदारी तरुण संघाला द्या, उपदेशही आम्हीच तयार करू, पाळकसाहेबांना आधी दाखवू. त्याला उत्तर मिळालं, "अजून तुझी वेळ यायचीय." तो खाली बसला. फेब्रुवारीपासून तो दिसत नाही. विजापूर रोडला एका घरात चालणाऱ्या संगतीला जातो असं कळलं.

आपल्या मंडळीच्या वर्षाला ऋतू आहेत. आगमनकाळाचे चार रविवार, नाताळ, उपवासकाळाचे चाळीस दिवस, झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातली प्रार्थना, मग पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट. प्रत्येक ऋतूची गाणी वेगळी, वाचनं वेगळी. पण माणसाच्या वयाला आपण दोनच ऋतू ठेवलेत, बालक आणि वडील. बाप्तिस्मा, शब्बाथ शाळा, सुवर्णवचनं, दृढीकरण (मंडळीचा पूर्ण सभासद होण्याचा विधी) इथपर्यंत पोरावर सगळ्यांचं लक्ष असतं. सोळाव्या वर्षी दृढीकरण झालं की ते लक्ष संपतं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच्याकडे मंडळीची दोनच कामं, कॅरल पार्टीत ढोलकी वाजवणं आणि खुर्च्या लावणं. मग साठीला एकदम "वडील" म्हणून बोलावणं येतं.

शास्त्रात असं नाही. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांच्या (उपासनास्थानाची सेवा नेमून दिलेल्या वंशाच्या) सेवेचं वय सरळ दिलंय: पंचविसाव्या वर्षी कामाला लागायचं, पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळं व्हायचं. आणि मोकळं झाल्यावर घरी बसायचं नाही, आपल्या भावांना मदत करायची. म्हणजे सेवा सुटत नाही, सेवेचा प्रकार बदलतो. मला एवढंच म्हणायचंय.

तुमच्या मंडळ्यांत कसं आहे? विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

---

हिंजवडीहून

पूर्ण पाठिंबा. मी चोविसाव्या वर्षी सोलापूर सोडलं, आज २९ चा आहे. इथे पुण्यात दर गुरुवारी बारा जणांचा बायबल अभ्यास मी घेतो. कोणी वय विचारलं नाही. सुट्टीत घरी आलो की मंडळीत मला सतरंज्या घालायला सांगतात. घालतो, त्यात कमीपणा नाही. पण पाच वर्षांत "तू काय शिकलास, आम्हाला सांग" असं एकदाही कोणी म्हटलं नाही.

पौलानं तीमथ्याला लिहिलंय की कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये. ते वचन आमच्या तरुण संघाच्या फलकावर रंगवलेलं आहे. फलक पंच कमिटीच्या खोलीत ठेवतात.

---

भजनकरी ७४

सातरस्ता, तुमचा ठराव वाचला. मी विरोधात आहे आणि सभेतही विरोधातच हात वर करीन, ते आधीच सांगतो.

पहिलं, गणनाचं. लेव्यांना पन्नाशीला मोकळं का केलं, ते त्यांचं काम काय होतं यावरून समजतं. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उतरवायचा, फळ्या, खांब, उथळ्या, पडदे उचलायचे, रानातून पुढच्या मुक्कामाला न्यायचे. कहाथी घराण्याला तर बैलगाड्याही दिल्या नव्हत्या. पवित्र वस्तू खांद्यावरूनच वाहायच्या. ते ओझ्याचं वय आहे, शहाणपणाचं नाही. पंच कमिटीत कोणी फळ्या उचलत नाही. आणि पुढे बायबलमधल्या १ इतिहासाचा अध्याय २३ वाचा. दावीद राजा म्हणाला, आता मंडप वाहून न्यायचा नाही, म्हणून लेव्यांची मोजणी विसाव्या वर्षापासून धरली. गणनाच्या चौथ्या अध्यायात तीस आहे, आठव्यात पंचवीस, इतिहासात वीस. त्या आकड्यांवर ठराव उभा करू नका.

मोशे फारोपुढे उभा राहिला तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. कालेबानं पंच्याऐंशीव्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेतला. त्याला कोणी "पासष्ट झाली, उभं राहू नका" म्हणालं नाही.

दुसरं, आपल्या गावाचं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, एप्रिलच्या उन्हात दफन असलं तर कबरस्तानात कोण असतं? मी गेल्या वर्षी तेवीस दफनांना गेलो. डोकी मोजा. सगळी पांढरी. चाळिशीतला माणूस एमआयडीसीत कामावर असतो, तिशीतला पुण्यात. त्याला मी दोष देत नाही, पोट आहे. पण सोलापूरची पोरं शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला परत जातात. निम्म्या जागा त्यांच्यासाठी ठेवल्या तर बुधवारी कमिटी बसणार कशी?

तिसरं माझ्या मनातलं. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मी तेव्हा १९ वर्षांचा होतो, तरुण संघाचा चिटणीस. आमच्याकडे घरोघरी वाद चालले होते, आपली जुनी पद्धत जाणार की राहणार. त्या वेळचे एक वयस्कर पंच, मिलमध्ये जॉबर होते, ते भोंगा झाला की घरी जाऊन हातपाय धुऊन मला बोलवायचे. चल. आणि आम्ही चालत गृहभेटीला जायचो, रोज दोन घरं. ते बोलायचे, मी ऐकायचो. तीन-चार महिन्यांनी एका घरी ते म्हणाले, आज प्रार्थना हा करेल. माझे पाय लटपटले होते. त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. मला शेजारी बसवलं होतं.

आज मी कोणाला म्हणू, चल? गेल्या उपवासकाळात तीन तरुणांना फोन केले, संध्याकाळी गृहभेटीला येता का म्हणून. एकाने उचलला.

---

सातरस्ता

काका, तुमचा इतिहास २३ चा मुद्दा मान्य. पण तो माझ्या बाजूचा आहे असं मला वाटतं. काम बदललं तसं दाविदानं वय बदललं. "पूर्वीपासून तीस आहे" म्हणून तो अडून बसला नाही. आज मंडळीचं काम बदललंय. ट्रस्टचे हिशेब ऑनलाइन भरावे लागतात, जमिनीची कागदपत्रं, पोरांचं समुपदेशन, परगावी गेलेल्यांशी संपर्क. ही ओझी कोणत्या वयाच्या खांद्यावर द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्या. १९१७ साली पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमधली आपली जागा सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. म्हणजे जेमतेम दोन वर्षं. पण ती वर्षं पदावरची नाहीत. पद सोडल्यावर माणूस मोकळा होतो, हे मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

---

भजनकरी ७४

टिळकांनी स्वतः सोडलं. त्यांच्याविरुद्ध कोणी ठराव आणला नव्हता. ते गेल्यावर त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं अपुरं काव्य 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या, आणि त्यांनाही कोणी वयाची अट घातली नाही. मी सोडणार नाही असं म्हणत नाही. मला काढू नका, एवढंच म्हणतोय. या दोन्हींत फरक आहे तो सत्तरी ओलांडल्यावर कळतो.

---

लष्कर भागातून

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हा ठराव एका विशिष्ट घराण्याला कमिटीतून काढायसाठी आहे. तीन पिढ्या तेच पंच आहेत, सगळ्यांना माहीत हाय. वयाचं नाव पुढं करायचं आणि नेम तिसरीकडंच धरायचा. तसं असेल तर तसं बोला की वो.

---

सातरस्ता

नाही. त्या घरातलेच एक पंच ५१ वर्षांचे आहेत, ठरावानंतरही ते उभे राहू शकतात, आणि माझं मत त्यांनाच असेल. मनात एक आणि बोलण्यात एक असं करून मी प्रभुभोजनाला पुढे येऊ शकणार नाही.

---

बुधवारची प्रार्थना

दोन दिवस वाचतेय. ड्यूटीवरून आले, भाकरी टाकल्या, आता लिहायला बसले. मी ४७ वर्षांची आहे, नर्स आहे, तीन पाळ्यांत काम करते.

पुरुषहो, तुमचा सगळा वाद खुर्चीचा चाललाय. खुर्चीवर चौतीसचा बसावा की चौऱ्याहत्तरचा. मला एक सांगा, गेल्या पाच वर्षांत पंच कमिटीत बायका किती होत्या? आमच्याकडे एक. आणि महिला मंडळाचं काम कोण ओढतं? चाळीस ते साठ वयाच्या बायका. याच वयात घरी सासू अंथरुणाला खिळलेली असते, मुलगी बारावीला असते, नवऱ्याला साखर निघालेली असते, आणि मंडळीत नाताळचा फराळ, उपकारस्तुतीच्या सभा, बाळंतिणीला भेट, दुःखाच्या घरी स्वयंपाक. पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि नेमकं रविवारी सकाळी आलं की भरून ठेवून धावत उपासनेला येते तीही आम्हीच. या वयाचा ऋतू कोणता, सातरस्ता दादा? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये बालक आहेत, तरुण आहेत, वडील आहेत. आम्ही नाही.

माझ्या सासूबाई अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. पंचावन्न वर्षं त्यांनी भगिनी सभेत प्रार्थना केली. त्या अडीच वर्षांत पाळकसाहेब यायचे, प्रभुभोजन द्यायचे, त्यांचे उपकार विसरणार नाही. पंचांपैकी दोघे येऊन गेले, एकदाच. तरुण संघातलं कोणी आलं नाही. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, पण ओळखीचं भजन कोणी कानाशी म्हटलं की ओठ हलायचे. शेवटी शेवटी माझं नाव विसरल्या होत्या. भजन विसरल्या नव्हत्या.

लूकमध्ये हन्ना आहे, आशेर वंशातली, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, मंदिर सोडून जायची नाही. उपदेशात आपण तिचं कौतुक करतो. आपल्या आजच्या हन्ना जिना उतरू शकत नाहीत. त्या मंदिरात नाहीत म्हणून कोणाच्या हिशेबातही नाहीत.

गणनाचा विषय निघालाय तर तोच चौथा अध्याय नीट वाचा. मोशेनं लेव्यांची मोजणी केली, ८,५८० निघाले. पण नुसती डोकी मोजली नाहीत. कोणी काय उचलायचं ते नावानिशी ठरवून दिलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातही तसंच. विधवांना रोजचं वाटप मिळत नव्हतं, तक्रार आली, म्हणून सात जण निवडले. आधी काम दिसलं, मग माणसं नेमली. तुम्ही आधी जागा मोजताय.

माझ्या वहीत १९ नावं आहेत. आपल्याच मंडळीची, उपासनेला येऊ न शकणारी. कमिटीत कोणाकडे ही यादी आहे का?

---

सातरस्ता

ताई, नाही. माझ्याकडेही नव्हती, आणि मी दोन वर्षं खजिनदार होतो. तुम्ही बोललात ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

---

एक पाळक, परगावचा

सलाम. वयाच्या अटीच्या मी विरोधात आहे. माणसाला जन्मतारखेवरून बाद करणं मंडळीत शोभत नाही, त्याची जखम घरोघरी राहते. त्याऐवजी मुदतीची अट आणा. सलग दोनदा निवडून आलेल्यानं एक मुदत बाहेर राहावं, मग तो तीसचा असो की सत्तरचा. आमच्याकडे असं केलं. पहिल्या वर्षी धुसफूस झाली, पण बाहेर बसलेले तिघे जण त्या काळात रविवारच्या शाळेला येऊ लागले आणि आता त्यांनाच कमिटीत परत यायचं नाही.

---

हिंजवडीहून

पाळकसाहेब, मुदतीची अट कागदावर बरी दिसते. आमच्याकडे काय होईल सांगतो. वडील बाहेर बसतील, त्यांचा भाऊ आत जाईल, पुढच्या वेळी अदलाबदल. वयाची अट असली तर निदान पळवाट नाही. आणि भजनकरी काका, मी बाराही महिने सोलापुरात नाही, खरं आहे. पण कमिटीची सभा फोनवरून घेता येते. महामारीत उपासना फोनवर झाली, तेव्हा सगळ्यांच्या घरी तो फोन कोणी लावून दिला?

---

शब्बाथशाळा शिक्षिका

मी २२ वर्षांची आहे, लहान वर्ग घेते. तरुणांच्या नावानं बरंच बोलणं झालं, म्हणून माझंही ऐका.

मला पंच कमिटीत जागा नकोय. निदान आत्ता नको. हिंजवडीहून लिहिणाऱ्या दादाला जे हवंय ते मला समजतं, पण माझं दुखणं वेगळं आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना इंग्रजी-हिंदी वर्शिपची गाणी यूट्यूबवरून पाठ आहेत. चांगली आहेत, मीही म्हणते. पण 'उपासना संगीत' हे आपल्या मराठी गीतांचं पुस्तक उघडलं की अर्ध्याहून जास्त गाण्यांपुढे मी मुकी होते. पुस्तकात शब्द आहेत. चाल कुठे आहे? ती या भजनकरी काकांसारख्या लोकांच्या गळ्यात आहे. आमच्या मंडळीत अशी पाच-सहा माणसं उरली असतील. ती कमिटीच्या सभेत बसून भिंतीच्या रंगाच्या निविदा उघडत असतात. मला त्यांचे ते दोन तास हवेत.

म्हणून मी ठरावाच्या बाजूनं आहे, पण सातरस्ता काकांच्या कारणासाठी नाही. त्यांना जागा रिकामी हवीय. मला माणूस मोकळा हवाय.

---

भजनकरी ७४

मुली, तुझी पोस्ट मी दोनदा वाचली, मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली.

ठरावाला माझा विरोध कायम आहे. निविदाही कोणीतरी बघितल्याच पाहिजेत, नाहीतर रंग एका पावसात उतरतो, ते मी पाहिलंय. पण शनिवारी पाच वाजता मी शाळेच्या खोलीत पेटी घेऊन येतो. उपवासकाळ आहे, वधस्तंभाच्या गाण्यांपासून सुरू करू. त्यांत तीन चाली अशा आहेत की मलाही आता एकट्याला नीट येत नाहीत, बायको धरून देते. ती पण येईल. पोरांना पाणी घेऊन यायला सांग, खोलीत पंखा आहे पण चालत नाही. एक गाणं बसल्याशिवाय दुसरं घेणार नाही, हेही सांग.

---

लष्कर भागातून

पंखा मी बघतो. शुक्रवारी कामावरून येताना कंडेन्सर आणतो. ठरावाबद्दल मी बोललो ते परत घेत नाही.

---

सातरस्ता

ठराव मी मागे घेत नाही. निम्म्या जागांची अट काढतोय, कारण काकांचा हुतात्माचा मुद्दा खोडता आला नाही, आणि त्या जागी किमान तीन स्त्रिया असाव्यात असं घालतोय. वयाची अट राहील. त्यावर सभेत मत होऊ दे, पडला तर पडला.

ताई, त्या १९ नावांपैकी सात रस्ता भाग आणि रेल्वे लाइन्सच्या बाजूची नावं मला पाठवा. इथे नको, फोनवर.

---

बुधवारची प्रार्थना

पाठवते. चार आहेत.

एक मात्र इथेच विचारते, कारण घाई आहे. यादीतल्या एक आजी ८१ वर्षांच्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. तीन वर्षांत खाली उतरल्या नाहीत. परवा गेले तर म्हणाल्या, "झावळ्यांच्या रविवारी एकदा देवळात बसायचंय, पुढच्या वर्षीचं माहीत नाही." डॉक्टरांना विचारलं, खुर्चीत बसवून आणायला हरकत नाही म्हणाले, मी सोबत राहीन. खुर्चीसकट उतरवायला चार जण लागतील आणि उपासनेनंतर परत वर चढवायला तेच चार. जिना अरुंद आहे. भजनकरी काका, तुम्ही नको, तुमच्या कमरेचं मला ठाऊक आहे. हे लेव्यांच्या वयाचं काम आहे, पंचवीस ते पन्नास. सकाळी पावणेआठला इमारतीखाली.

---

हिंजवडीहून

मी शनिवारी रात्री येतोय. मी एक. विजापूर रोडच्या संगतीला जातो त्याला फोन केला, तो दुसरा. तो म्हणाला आजींनी त्याला शब्बाथ शाळेत शिकवलंय.

अजून दोन हवेत.